भिंतींचा चित्रकार दिएगो रिव्हेरा

आमच्या कामणहून वसईच्या किल्ल्यात सहलीस गेलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने तेथील ओसाड मठमंदिरांच्या भिंती पाहिल्या असतील. १७३९ साली चिमाजी आप्पांच्या फौजेने तो किल्ला सर केला. पुढे काळाच्या ओघात फ्रान्सिस्कन, डोमिनिकन व जेझुइट संन्याशांच्या त्या वास्तूंची छपरे गेली आणि कमानी तेवढ्या उभ्या राहिल्या. त्या कमानींखाली आज कोळशाने लिहिलेली नावे दिसतात, खिळ्याने कोरलेल्या तारखा दिसतात. प्राचीन वास्तू विद्रूप करणे हा अपराध आहे, हे पालकांनी मुलांस सांगितलेच पाहिजे. परंतु आम्हांस त्या लेखनात आणखी एक उणीव वाटते. एवढी मोठी भिंत समोर असता लिहिणाऱ्याजवळ स्वतःच्या नावाखेरीज सांगण्यासारखे काहीच नव्हते!

भिंतीवर काढलेले चित्र आपल्या मुलखास परके नाही. कामणच्या आसपासच्या पाड्यांत गेरूने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने काढलेला लग्नाचा चौक आपण सर्वांनी पाहिला आहे. २०१७ साली मुंबईच्या ससून गोदीतील जुन्या गोदामांच्या भिंती तरुण चित्रकारांनी रंगविल्या, तेव्हा तेथील कोळी मंडळींचे चेहरेही भिंतींवर झळकले. पडक्या व दुर्लक्षित वास्तूच्या भिंतीवर समाजाचे सुखदुःख मांडावे आणि येणाऱ्याजाणाऱ्यास विचार करावयास लावावे, ही कल्पना आज जगभर पसरली आहे. ती ज्यांनी रुजविली, त्यांत मेक्सिको देशाच्या दिएगो रिव्हेरा याचे नाव फार वरचे आहे. त्याचे चरित्र आम्ही येथे देत आहोत. ते सर्वस्वी अनुकरणीय नाही, हे प्रथमच सांगून टाकतो.

रिव्हेराचा जन्म मेक्सिकोतील ग्वानाह्वातो ह्या चांदीच्या खाणींच्या शहरी ८ डिसेंबर १८८६ रोजी झाला. त्याच्याबरोबर जन्मलेले जुळे भावंड लहानपणीच वारले. दिएगोला हातात खडू किंवा पेन्सिल आली, की घरातील भिंती, दारे, मेजखुर्च्या काहीच सुरक्षित राहत नसे. बापाने त्यास चोप दिला नाही. एका खोलीच्या भिंतींना त्याचा हात पोहोचेल तेथवर काळे फळे लावून दिले आणि ती खोली त्यास बहाल केली, अशी आठवण तो स्वतः पुढे सांगत असे. रिव्हेरास आपल्या आठवणी खुलवून सांगण्याची भारी हौस होती, तेव्हा त्यातील किती भाग घ्यावा हे वाचकांनी ठरवावे. बाप उदारमतवादी पत्रकार होता. त्याच्या मतांमुळे कुटुंबास ते शहर सोडून राजधानीत यावे लागले. तेथे सान कार्लोस कलाशाळेत दिएगोने शिक्षण घेतले. जवळच पोसादा नावाचा एक गरीब ठसेकार छापखान्यासाठी चित्रे कोरीत असे. हसणारे सांगाडे, लाचखाऊ अधिकारी, भुकेले लोक अशी ती चित्रे स्वस्त कागदांवर छापून बाजारात विकली जात. कलाशाळेतील गुरूंइतकाच हाही आपला गुरू, असे रिव्हेरा मानी.

१९०७ साली शिष्यवृत्तीवर तो युरोपास गेला. मधल्या एका स्वदेशभेटीचा अपवाद सोडला, तर १९२१ पर्यंत तो तिकडेच राहिला. पॅरिसमध्ये पिकासो वगैरेंच्या संगतीत त्याने नव्या तऱ्हेची चित्रे काढली आणि त्यास नावही मिळाले. तो काळ आम्ही येथे विस्ताराने सांगत नाही. महत्त्वाची गोष्ट ती नंतरची. १९२० साली तो इटलीस गेला व जुन्या देवालयांतील भित्तिचित्रे पाहत गावोगाव फिरला. ज्यांस वाचता येत नव्हते अशा शेतकऱ्यांना व कोष्ट्यांना ज्योत्तोसारख्या चित्रकारांनी सहाशे वर्षांपूर्वी प्रभू येशूचे चरित्र भिंतीवर समजावून दिले होते. घरी परतलेल्या रिव्हेराच्या मनात हीच गोष्ट ठसली होती.

कारण त्याच्या देशाची अवस्था तशीच होती. १९१० पासून दहा वर्षे मेक्सिकोत राज्यक्रांतीची धुमश्चक्री चालली. लाखो माणसे मेली. मोठमोठ्या जमीनदारांच्या वाड्यांवर वेठीने राबणारा शेतकरी जागा झाला होता, पण बहुसंख्य लोक निरक्षर होते. होसे वास्कोन्सेलोस हा शिक्षणमंत्री झाला. त्याने गावोगाव शिक्षक धाडले, स्वस्त पुस्तके छापविली, आणि चित्रकारांस बोलावून सरकारी इमारतींच्या भिंती त्यांच्या हवाली केल्या. शिक्षणखात्याच्या कचेरीसाठी त्याने जी जागा निवडली, ती एका जोगिणींच्या जुन्या मठाची होती. १८६० नंतरच्या कायद्यांनी मठातील जोगिणी बाहेर पडल्या, पुढे वास्तूचा काही भाग पाडला गेला, नवे बांधकाम सुरू झाले आणि क्रांतीच्या धामधुमीत तेही अर्धवट सोडून दिले गेले. वसईच्या किल्ल्यातील ओसाड मठ ज्याने पाहिला आहे, त्यास ह्या जागेची कल्पना सहज यावी. वास्कोन्सेलोसने ती पडकी वास्तू हाती घेऊन वर्षा-सव्वावर्षात पुरी केली, आणि १९२२ च्या जुलैत तिचे उद्घाटन झाले. दोन मोठे चौक, भोवती तीन मजल्यांचे कमानदार ओटे, आणि आत शेकडो चौरस मीटर पांढरी भिंत. १९२३ साली रिव्हेरा तेथे परातीवर चढला, तो १९२८ पर्यंत खाली उतरला नाही म्हटले तरी चालेल. ह्या अवधीत त्याने तेथे दोनशेंहून अधिक चित्रे रंगविली.

हे काम कसे चालते, ते मुलांनी समजून घेण्यासारखे आहे. कोरड्या भिंतीवर तेलाचा रंग फासला, तर तो काही वर्षांत पोपडे धरून गळतो. म्हणून जुने इटालियन कारागीर ओल्या चुन्यावर रंगवीत. गवंड्याने पहाटेच्या आधी, दिवसभरात पुरी होईल एवढ्याच भागावर, चुना व बारीक वाळू यांचा अखेरचा गुळगुळीत हात द्यावयाचा. तो ओला असतानाच पाण्यात वाटलेला रंग चित्रकाराने त्यावर चढवावयाचा. चुना वाळताना हवेतील कार्बन-वायू शोषून पुन्हा दगड होतो आणि रंगाचे कण त्या दगडातच कोंडले जातात. मग ते चित्र पुसून निघत नाही. परंतु चूक झाली तर तीही निघत नाही. तेवढा गिलावा टाकीने काढून दुसऱ्या दिवशी सर्व काम नव्याने करावे लागते. रिव्हेराने सुरुवातीस ह्या रंगांत निवडुंगाचा आंबविलेला रस मिसळून पाहिला. आपल्या देशी वनस्पतीने हे काम साधेल, अशी त्यास उमेद होती. रस कुजून डाग पडू लागले, तेव्हा त्याने हट्ट सोडला व इटालियन रीत पत्करली. मोबदला चौरस मीटरच्या हिशेबाने मिळे, घर रंगविणाऱ्या कारागिरास मिळावा तसा. अंगाने तो अवाढव्य होता, आणि परातीवर दहा-बारा तास सलग काम करीत असे. ह्या उद्योगाबद्दल आम्हांस त्याचा मनःपूर्वक आदर वाटतो.

त्या भिंतींवर त्याने काय रंगविले? खाणीत उतरणारे मजूर आणि पाळी संपल्यावर अंगझडती देण्यासाठी दोन्ही हात पसरून उभा असलेला खाणकामगार. उसाच्या गुऱ्हाळातील घामाघूम माणसे. मागावर बसलेले विणकर. माळावर उघड्यावर मुलांना शिकविणारी गावची शिक्षिका, आणि तिच्या रक्षणासाठी घोड्यावर बंदूक घेऊन बसलेला शिपाई. दुसऱ्या चौकात लोकांचे सणवार. वरच्या मजल्यावर गाण्याच्या ओळींनी जोडलेली क्रांतीची कथा, आणि तिच्या शेजारी सोन्याच्या मेजवानीस बसलेले धनिक. खाणकामगारांच्या एका चित्रात त्याने एका कवीच्या, मजुरांस चेतविणाऱ्या ओळी लिहिल्या होत्या. त्यांवरून वृत्तपत्रांत काहूर उठले. मंत्र्याने विनंती केल्यावर रिव्हेराने त्या ओळी खरवडून काढल्या. त्याने त्या कागदावर लिहून बाटलीत घातल्या व बाटली भिंतीतच चिणून टाकली, असे त्याचे चरित्रकार सांगतात. आज त्या भिंतीपुढे उभा राहणारा त्या ओळी वाचू शकत नाही. पण त्या तेथे होत्या हे सर्वांस ठाऊक आहे.

येथे आम्हांस थोडे थांबणे भाग आहे. रिव्हेरा १९२२ साली कम्युनिस्ट पक्षात शिरला होता. त्याच्या चित्रांत जमीनदार, सावकार आणि लठ्ठ पाद्री हे तिघे बहुधा एकाच बाकावर बसलेले दिसतात. ह्या पाद्र्यांचे चित्र सर्वस्वी खोटे होते काय? तसे म्हणवत नाही. मेक्सिकोतील देवमंडळीच्या हाती एके काळी अफाट जमिनी होत्या, आणि गरिबांच्या बाजूने बोलण्याची वेळ आली असता तिच्यातील पुष्कळांनी मौन धरले. ख्रिस्ती वाचकाने ती भिंत पाहून रागावण्यापूर्वी आपल्या घराचा हिशेब तपासावा, हे बरे. परंतु भिंतीची दुसरी बाजूही आहे. १९२६ साली सरकारने धर्माचारावर कडक निर्बंध घातले. जुलैअखेर देवळांतील सार्वजनिक उपासना थांबली आणि तीन वर्षे रक्तपात झाला. २३ नोव्हेंबर १९२७ रोजी मिगेल प्रो ह्या जेझुइट धर्मगुरूस राजधानीत चौकशीवाचून गोळ्या घातल्या गेल्या, आणि सरकारने त्या प्रसंगाची छायाचित्रेही घेऊ दिली. त्याच सुमारास त्याच शहरात, त्याच सरकारच्या पैशाने, रिव्हेरा भिंतीवर पाद्र्यांची थट्टा रंगवीत होता. दुबळ्यांचा कैवार घेणाऱ्या ह्या थोर कुंचल्यास दाराबाहेरचे हे दुबळे दिसले नाहीत. जो सत्ताधीश भिंत देतो, त्याच्याविरुद्ध त्याच भिंतीवर लिहिणे किती अवघड असते, हे येथे दिसून येते.

आता आमच्या वाचकांस विशेष प्रिय वाटेल अशी हकीकत सांगतो. राजधानीजवळ चापिंगो येथे एका जुन्या जमीनदारीचा वाडा होता. क्रांतीनंतर तो सरकारजमा होऊन तेथे राष्ट्रीय कृषिविद्यालय आले. वाड्यातील निरुपयोगी झालेले उपासनामंदिर विद्यालयाने रिव्हेराच्या हाती दिले, आणि १९२७ पर्यंत त्याने त्याचे छत व भिंती भरून टाकल्या. त्यांत क्रांतीत बळी पडलेले शेतकरीपुढारी मातीखाली निजले आहेत आणि त्यांच्या देहांतून मक्याचे पीक वर येत आहे, असे एक चित्र आहे. विद्यालयाच्या जिन्याजवळ त्याने असा आशय लिहून ठेवला, की येथे जमिनीकडून काम घ्यावयास शिकवितात, माणसास पिळावयास नाही. ह्याच विद्यालयात त्या वेळी एक मराठी गृहस्थ शिकवीत होते. त्यांचे नाव पांडुरंग सदाशिव खानखोजे.

खानखोजे मूळचे वर्ध्याचे. स्वातंत्र्याच्या ओढीने ते तरुणपणीच देशाबाहेर पडले. जपानमार्गे अमेरिकेस जाऊन त्यांनी लष्करी शिक्षण व शेतकीची पदवी दोन्ही मिळविली. पॅसिफिक किनाऱ्यावरील हिंदी मजुरांची संघटना करून गदर चळवळीच्या स्थापनेत भाग घेतला. पहिल्या महायुद्धात इराण व बलुचिस्तानच्या मुलखात ब्रिटिश सत्तेशी लढले. ती लढाई फसली. मायदेशाची दारे बंद झाली. १९२४ साली ते मेक्सिकोत आले आणि ज्या हातांनी बंदूक धरली होती, त्या हातांनी मक्याचे व गव्हाचे बियाणे पारखू लागले. अधिक कणसे देणारा मका, तांबेऱ्यास दाद न देणारा गहू, यांवर त्यांनी परिश्रम घेतले. आणि गरीब शेतकऱ्यांसाठी विनामूल्य कृषिशाळा काढल्या. ह्या शाळांच्या कामी रिव्हेराचा त्यांस पाठिंबा होता, आणि तीना मोदोत्ती ह्या प्रसिद्ध छायाचित्रकार बाईंनी त्यांच्या कामाची छायाचित्रे घेतली. चित्रकार व कृषितज्ज्ञ यांची मैत्री जमली.

शिक्षणखात्याच्या इमारतीत, अगदी वरच्या मजल्यावर, आमची भाकर अशा अर्थाच्या नावाचे एक चित्र आहे. मेजाभोवती नाना वंशांचे लोक, मोठी माणसे व मुले, बसली आहेत. मध्यभागी बसलेला पुरुष भाकर मोडून वाटीत आहे. ती आकृती खानखोज्यांची म्हणून ओळखली जाते. जगातील पृष्ठसंख्येने जाड अशा चित्रकलेच्या ग्रंथांत ह्या वऱ्हाड-नागपूरकडच्या माणसाचे नाव सहसा सापडत नाही, पण त्याचा चेहरा त्या भिंतीवर शंभर वर्षे होत आली तरी टिकून आहे. चित्राची मांडणी पाहिली, की प्रभूच्या शेवटल्या भोजनाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. इटलीतील देवालयांत पाहिलेले ते मेज रिव्हेराच्या डोळ्यांपुढून गेले नव्हते, मग तोंडाने तो काहीही म्हणो. खानखोजे १९५५ साली कायमचे परत आले व १९६७ साली नागपुरास वारले. २०२२ साली लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांनी चापिंगो येथे त्यांच्या पुतळ्याचे अनावरण केले.

१९२९ साली रिव्हेरास कम्युनिस्ट पक्षाने काढून टाकले. त्याच साली फ्रीदा कालो हिच्याशी त्याचा विवाह झाला. तीही पुढे जगप्रसिद्ध चित्रकार झाली. रिव्हेराचे गृहस्थजीवन विद्यार्थ्यांपुढे ठेवण्याजोगे नव्हते, एवढे सांगून आम्ही पुढे जातो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील धनिकांनी त्यास बोलाविले. डेट्रॉइट येथे १९३२-३३ मध्ये, मंदीमुळे हजारो कामगार घरी बसले असता, त्याने मोटारींच्या कारखान्यातील जीवन सत्तावीस भागांत रंगविले. त्यात एका बाळास देवी टोचण्याचे दृश्य आहे. परिचारिका, वैद्य, मागे तीन शास्त्रज्ञ, पुढे घोडा, गाय व मेंढरे, ज्यांच्या शरीरांतून लशी व औषधी रक्तद्रव मिळतात. हे प्रभुजन्माचे विडंबन आहे असा गिल्ला झाला. चित्रे पुसावी अशी मागणी आली. खर्च सोसणाऱ्या एडसेल फोर्ड यांनी ती मानली नाही. आमच्या मते बाळाचा जीव वाचविण्याचे चित्र कोणत्याही धर्माचा अपमान करीत नाही.

न्यूयॉर्कात मात्र निराळे घडले. रॉकफेलर यांच्या नव्या इमारतीत त्याने लेनिनचा चेहरा रंगविला. तो काढा असे नेल्सन रॉकफेलर यांनी कळविले. रिव्हेराने नकार दिला. मे १९३३ मध्ये त्यास ठरलेले सर्व २१,००० डॉलर चुकते करून परातीवरून उतरविले, चित्र झाकले, आणि फेब्रुवारी १९३४ मध्ये ते फोडून टाकले. त्याने छायाचित्रांच्या आधाराने तेच चित्र मेक्सिकोच्या ललितकला-प्रासादात पुन्हा काढले. मालकाने भिंत विकत घेतली होती. तिच्यावरचे म्हणणे विकत घेतले होते काय, हा वाद तेव्हापासून कलावंतांत व वकिलांत चालू आहे.

परंतु रिव्हेराच्या चरित्रातील खरी कसोटीची गोष्ट आम्हांस पुढचीच वाटते. १९४७ साली राजधानीतील प्रादो नावाच्या नव्या हॉटेलात त्याने सुमारे १५ मीटर लांबीचे एक चित्र काढले. आलामेदा बागेत रविवारच्या दुपारी मेक्सिकोच्या चारशे वर्षांतील सारी माणसे फिरावयास आली आहेत, अशी ती कल्पना. मध्ये लहान मुलाच्या रूपात स्वतः रिव्हेरा, त्याचा हात सजलेल्या सांगाड्याच्या हातात, पलीकडे तोच गरीब ठसेकार पोसादा. गर्दीत इग्नासिओ रामिरेस हा एकोणिसाव्या शतकातील नास्तिक पंडित उभा आहे. त्याच्या हातातील कागदावर रिव्हेराने देवाचे अस्तित्व नाकारणारे तीन शब्द लिहिले. ते शब्द रामिरेसचेच होते, पण भिंत रिव्हेराची होती. आर्चबिशपांनी हॉटेलास आशीर्वाद देण्याचे नाकारले. १९४८ साली विद्यार्थ्यांची एक टोळी आत घुसली आणि तिने चाकूने ते शब्द खरवडून काढले. रिव्हेराने ते पुन्हा लिहिले. मग हॉटेलवाल्यांनी सारे चित्रच आडोशाने झाकून टाकले व ते कित्येक वर्षे झाकलेलेच राहिले.

त्या विद्यार्थ्यांचा संताप आम्हांस समजतो. ज्यावर आपले जीवित उभे आहे, ते भर दिवाणखान्यात कोणी नाकारावे, हे कोणत्या भाविकास सोसेल? तरीही त्यांचा चाकू आम्हांस पसंत नाही. तीन शब्द खरवडल्याने ते मेक्सिकोतील घराघरांत पोहोचले. आणि झाकलेल्या चित्रापुढे जाऊन त्याचे उत्तर देण्याची संधी भाविकांच्याच हातून गेली. इतिहास शिकविताना आम्हांस नेहमी असे दिसते, की शब्द खरवडणारा त्या शब्दास भितो, अशीच लोकांची समजूत होते.

पुढे जे झाले, ते चाकूने झाले नाही. १९५४ साली फ्रीदा वारली. पुढल्या वर्षी रिव्हेरास कर्करोग झाल्याचे कळले व तो उपचारासाठी मॉस्कोस गेला. परतल्यावर एप्रिल १९५६ मध्ये, सत्तरीस आलेला तो रोगजर्जर माणूस प्रादो हॉटेलात गेला, परातीवर चढला, आणि आपल्या हाताने ते तीन शब्द त्याने पुसले. त्याच वेळी आपण कॅथॉलिक असल्याचेही त्याने जाहीर केले. हा पालट मनापासूनचा, की आपले झाकलेले चित्र लोकांस दिसावे म्हणून केलेली तडजोड, यावर चरित्रकारांचे एकमत नाही. माणसाच्या अंतःकरणात डोकावण्याचा अधिकार आम्ही आपणांकडे घेत नाही. आडोसा निघाला आणि चित्र पुन्हा सर्वांस दिसू लागले. २४ नोव्हेंबर १९५७ रोजी रिव्हेरा वारला. आपली राख फ्रीदाच्या राखेत मिसळावी अशी त्याची इच्छा होती. ती बाजूस ठेवून त्यास राष्ट्रातील थोर पुरुषांच्या दफनभूमीत मूठमाती देण्यात आली.

१९८५ च्या मोठ्या भूकंपात प्रादो हॉटेल निकामी झाले. चित्राची भिंत मात्र शाबूत होती. ती अखंड उचलून बागेच्या कडेला, तिच्याचसाठी बांधलेल्या संग्रहालयात नेण्यात आली, आणि आज कोणासही ती पाहता येते. रामिरेसच्या हातात कागद अजून आहे. त्याने ज्या आकादमीत ते व्याख्यान दिले, तिचे नाव व १८३६ हे साल तेवढे त्यावर लिहिलेले आहे.